गाडीचं पाणी कुठं जातं

भाद्रपदातल्या एका दुपारी मढहून घरी येताना गाडीचा काटा वर गेला. मी उपकेंद्रात नर्स आहे. मढच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथली लसीकरणं आणि गरोदर बायांच्या तपासण्या माझ्याकडं असतात. राहायला पिंपरी पेंढारला. जाणं-येणं रोजचं, गाडीनं. गाडी जुनी, डिझेलची, आमच्याकडं येण्याआधी दोन हातांतून गेलेली. तिच्या तापमानाचा काटा नेहमी मधल्या रेषेच्या जरा खाली असायचा. त्या दिवशी ओतूरच्या अलीकडं तो लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट वर केलं. घाबरायला हवं होतं, पण मी घाबरले नाही. नुसती उभी राहिले. तेव्हा माझं सगळंच तसं चाललं होतं.

टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला, वाफेकडं बघून म्हणाला, "ताई, टोपणाला हात लावू नका. उडंल अंगावर."

"नाही लावत."

"थांबू जरा. निवू द्या."

आम्ही अर्धा तास थांबलो. तो फोनवर कोणाशी तरी बाजारभाव बोलत होता. मग त्यानं खांद्यावरचं फडकं रेडिएटरच्या टोपणावर टाकून ते हळूहळू फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं. पाणी आत जातच राहिलं. जवळजवळ सगळा कॅन रिकामा झाला.

"लई पाणी कमी व्हतं," तो म्हणाला. "कुटं तरी गळतंय. बघून घ्या, न्हायतर इंजन जाम व्हईल."

त्यानं खाली वाकून बघितलं. रस्ता कोरडा होता.

नवरा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. चैत्रात, कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम चालू असताना, तो चाळीच्या तोंडाशीच पडला. माणसं जेवायला गेली होती. अंगणात मी होते आणि पडवीतल्या खाटेवर माझे सासरे. मी धावत गेले, नाडी बघितली, नाडी नव्हती. मग जे मला शिकवलं आहे, जे मी दुसऱ्यांना शिकवते, ते केलं. छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिले. ॲम्ब्युलन्स आळेफाट्याहून यायची होती. ती आली तेव्हा त्यांनी बघितलं आणि मान हलवली.

दहाव्याला, तेराव्याला जो कोणी आला त्याला मी एकच सांगितलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी दाबत होते. लोक म्हणायचे, "तू तरी किती करणार, बाई." मी मान हलवायचे. मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी आलं नाही, तेव्हा नणंदेनं माझं डोकं मांडीवर घेऊन मला रडवायचा प्रयत्न केला. तिच्या लुगड्याला कापराचा वास होता एवढं आठवतं. पंधराव्या दिवशी मी कामावर रुजू झाले.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात उरलो मी आणि सासरे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते तीस वर्षं ओतूर ते मढ प्रवासी नेणारी वडापची जीप चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो. "तेच." भूक लागली तरी तेच, राग आला तरी तेच, कोणी घरी आलं तरी तेच. सूर बदलतो, त्यावरून ओळखायचं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी हायवेवरच्या एका गॅरेजला नेली. मेकॅनिकनं वरचा रबरी पाइप दाबून बघितला. तो कडक झाला होता, टोकाशी भेगा होत्या. "हेच असणार, मॅडम," म्हणाला आणि पाइप बदलला, क्लिपा नव्या टाकल्या. चार दिवसांनी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी पुन्हा खाली. मग त्यानं रेडिएटरचं टोपण बदललं. टोपणाची स्प्रिंग ढिली झाली की दाब राहत नाही, पाणी उकळून बाहेर जातं, असं त्यानं समजावलं. ते मला पटलं. तरीही पाणी कमी व्हायचं राहिलं नाही. तिसऱ्या खेपेला तो हात पुसत म्हणाला, "बाहेर काही दिसत नाही म्हणजे आतच जळतंय. हेड गॅसकीट, इंजिनाचं पाणी अडवणारं सील, गेलं असणार. इंजिन खोलावं लागेल. तेवढं करण्यापेक्षा गाडी काढून टाका."

संध्याकाळी धाकट्या दिराचा चिंचवडहून फोन आला. मी त्याला सांगितलं.

"वहिनी, मी तर आधीपासून सांगतोय. विकून टाका. तुम्हाला कशाला तो व्याप? एसटीनं जा."

"वाड्यांवर एसटी जात नाही."

"मग बदली मागा."

मी बघते म्हटलं. गाडी ठेवावी असं मला फार वाटत होतं असंही नाही. विकावी असंही वाटत नव्हतं. पण इंजिन आतून जळतंय हे मला कोणी दाखवलं नव्हतं. पेशंट खोकतो म्हणून टीबीची गोळी सुरू करत नाही आपण. आधी थुंकी तपासतो.

म्हणून मी रोज सकाळी गाडी थंड असताना पाणी बघायला लागले. बाटलीवर ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी उभी लावली आणि पाणी जिथपर्यंत असेल तिथं पेनानं रेघ मारायची. रात्रभर गाडीखाली खोक्याचे पुठ्ठे पसरून ठेवायचे. सकाळी पुठ्ठे कोरडे आणि रेघ मात्र बोटभर खाली. तेलाची कांडी काढून बघितली. तेलात पाणी गेलं तर ते ताकासारखं होतं, असं त्या मेकॅनिकनंच सांगितलं होतं. तेल काळंच होतं, चांगलं. मागच्या नळकांड्यातून पांढरा धूरही येत नव्हता. म्हणजे हेडचंही पटेना.

हे सगळं मी करत असताना आप्पा पडवीतून बघत असायचे. मी बॉनेट लावलं की म्हणायचे, "तेच."

"हो आप्पा, पुन्हा कमी झालंय."

दर गुरुवारी मी त्यांना नारायणगावला फिजिओथेरपीला नेते. त्यांना पुढं माझ्या डाव्या बाजूला बसवते, पट्टा लावते, काठी मागच्या सीटवर ठेवते. आश्विन लागला तरी पाऊस हटला नव्हता. त्या गुरुवारी काच धूसर होत होती म्हणून मी ब्लोअर लावला होता. वाटेत आप्पांनी डावी चप्पल काढली आणि पाय खालच्या कारपेटवर आपटायला लागले.

"काय झालं?"

"तेच." पुन्हा पाय आपटला. "तेच. तेच."

मी गाडी थांबवली, वाकून हात लावला. कारपेट ओलं होतं. त्यांच्या पायजम्याचा खालचा काठही ओला होता.

मला वाटलं, त्यांना लघवी झाली. लकव्यानंतर पहिल्या वर्षात तसं दोन-तीनदा झालं होतं. मी नर्सच्या आवाजात म्हटलं, "असू द्या, आप्पा. होतं असं. काही नाही त्यात." आणि गाडी वळवून घरी आणली. त्यांना उतरवलं, मोरीत नेलं, पायजमा काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. डाव्या हातात त्यांच्या अजून जोर आहे. "तेच!" ते ओरडले. मी तरीही पायजमा काढला. अंगावर पाणी घातलं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि रडायला लागले. लकव्याच्या माणसाला रडू लवकर फुटतं, तो आजाराचाच भाग असतो, हे मला माहीत आहे. मी त्यांना कोरडं केलं, दुसरा पायजमा घातला, चहा दिला. ते चहा प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी डेटॉलचं पाणी आणि फडकं घेऊन गाडी धुवायला गेले. वरचं रबरी मॅट काढलं, खालच्या कारपेटवर फडकं दाबलं. फडकं उचललं तर ते हिरवट झालेलं. बोटं चिकट झाली. नाकाशी नेलं तर गोडसर वास, औषधाच्या सिरपसारखा. असल्या गोष्टी हुंगायची सवय मला नोकरीनं लावली आहे. ही लघवी नव्हती. ते मी रेडिएटरच्या पाण्यात मिसळून घातलेलं हिरवं कूलंट होतं.

मी तिथंच खाली बसले. पाणी बाहेर पडतच नव्हतं. ते गाडीच्या आत, त्यांच्या पायाशी पडत होतं, आणि त्यांनी ते मला पाय आपटून सांगितलं होतं. मी काय केलं, तर त्यांना मोरीत नेऊन उघडं केलं.

फडकं घेऊन पडवीत गेले. आप्पा खाटेवर बसले होते. मी फडकं त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला, बोट लावलं आणि ते बोट जिभेकडं न्यायला लागले, तेव्हा मी हात धरला.

"विषारी असतं ते, आप्पा."

त्यांनी मान हलवली. जुन्या ड्रायव्हरांना चव घेऊनच कळायचं बहुतेक.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "काल मला कळलं नाही."

"तेच," ते म्हणाले. हा सूर रागाचा नव्हता. मग डाव्या हातानं त्यांनी गाडीकडं दाखवलं, नंतर पूर्वेकडं, आणि मिशी पिळल्यासारखं केलं. बेल्ह्याला त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा मेकॅनिक आहे, त्यांच्या जीपचं काम करायचा, त्याला लांब मिशा आहेत. मी विचारलं, "बेल्ह्याला?" त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

बेल्ह्याला गेलो त्या दिवशी नेमका बैलबाजार होता. रस्ताभर टेम्पो, त्यात बांधलेले बैल, मोटारसायकली. गॅरेजपर्यंत पोचायला वेळ लागला, तोवर मी काट्यावर नजर ठेवून होते. म्हातारा मेकॅनिक आधी आप्पांच्या खिडकीशी आला, त्यांचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. नवऱ्याचं त्याला कळलेलं असणार. मग माझ्याकडं वळला.

"बोला, सिस्टर. काय तरास हाय गाडीला?"

मी चिकटपट्टीवरच्या रेघा दाखवल्या, पुठ्ठ्यांचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, कारपेट दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "निम्मं काम तर तुमीच केलंय," म्हणाला. गाडी दोन तास निवू दिली. मग रेडिएटरच्या तोंडावर एक हातपंप बसवला. त्याला घड्याळासारखा गोल मीटर होता. पंप मारला की आत दाब तयार होतो, गाडी चालू नसताना. माझ्या बीपीच्या मशीनसारखंच ते. काटा वर गेला, थांबला, आणि मग हळूहळू खाली यायला लागला. गाडीखाली थेंब नाही. त्यानं मला पुढच्या सीटपाशी बोलावलं, डॅशबोर्डच्या खाली बॅटरीचा उजेड पाडला. एका प्लास्टिकच्या पेटीच्या कडेनं थेंब जमला, लोंबला, कारपेटवर पडला. मग दुसरा.

"ह्या पेटीत हीटरचं रेडेटर आस्तंय, बारकं. इंजनाचं गरम पाणी त्यात फिरतंय. ते सडलंय. ब्लोअर लावला की काचंवर तेलकट धुकं येत आसंल बघा."

येत होतं. मला वाटायचं पावसाचं आहे.

"हेड गेलंय म्हणाले होते," मी म्हटलं.

"हेडला काय झालं न्हाय." नवं हीटर टाकायचं तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवसांचं काम, आणि तो भाग पुण्याहून मागवायला लागेल, असं त्यानं सांगितलं. तोवर हीटरला जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकायचे, म्हणजे पाणी हीटरमध्ये जाणारच नाही. "आत्ता करून देतो. बाजार आटपू द्या, गर्दी लई हाय."

आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या बाहीला धरलं. "तेच," म्हणाले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडं केलं.

म्हातारा हसला. "घरी करतो म्हणतोय तुमचा सासरा. करा मग. वाकडा पाइप देतो एक, दोन क्लिपा देतो. इंजन गार पायजे, येवडं बघा."

परत येताना त्यानं दिलेला पाण्याचा कॅन मागं ठेवला होता. वाटेत दोनदा थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना खुर्चीवर बॉनेटपाशी बसवलं. इंजिनाच्या मागं, पत्र्याच्या भिंतीतून दोन पाइप आत जातात. आप्पांनी काठीनं दोन्ही दाखवले. मी खाली घमेलं ठेवलं, स्क्रू ड्रायव्हरनं क्लिपा ढिल्या केल्या. एक पाइप सहज निघाला. दुसरा टोकावर चिकटून बसला होता. मी ओढायला लागले तर आप्पांनी काठी माझ्या मनगटावर हलकेच ठेवली आणि डाव्या हातानं पिरगाळल्याची खूण केली. आधी फिरवायचा, मग ओढायचा. तसं केलं, निघाला. घमेल्यात हिरवं पाणी सांडलं. इंजिनाकडची दोन्ही टोकं त्या वाकड्या पाइपनं जोडली, क्लिपा आवळल्या. आत जाणाऱ्या नळ्यांना फडकं कोंबलं. नवं कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून तोंडापर्यंत भरलं.

यानंतरचं काम वाट बघायचं असतं. टोपण उघडं ठेवून गाडी चालू करायची. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते, तसतसं पाणी खाली जातं, आपण भरत राहायचं. पाणी पुरेसं तापलं की आतली झडप उघडते आणि पाणी सगळीकडं फिरायला लागतं. आप्पांनी डाव्या हातात वरचा पाइप धरला आणि ते दाबायला लागले, सोडायला लागले. दाबलं की बुडबुडा येई. मी मगानं पाणी घालत होते. दाबणं, सोडणं. बराच वेळ ते तसं चालू होतं.

त्यांच्या हाताकडं बघता बघता मी बोलले. मी बोलायचं ठरवलं नव्हतं.

"आप्पा, मी त्या दिवशी थांबले होते. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच थांबले. सगळ्यांना मी खोटं सांगितलं. मला कळलं होतं की आता काही उपयोग नाही. हात भरून आले होते. मी दाबायचं सोडलं आणि त्याच्याजवळ बसून राहिले. रस्त्याला सायरन ऐकला तेव्हा पुन्हा सुरू केलं."

गाडी चालू होती, मी हळू बोलले होते, ऐकू गेलं की नाही मला कळेना. आप्पांचा हात थांबला. त्यांनी पाइप सोडला, हात वर केला आणि पडवीकडं दाखवलं. खाटेकडं. मग तेच बोट त्यांनी स्वतःच्या डोळ्याखाली ठेवलं. मग चाळीकडं.

मी बघत राहिले. खाटेवरून चाळीचं तोंड सरळ दिसतं. हे मला रोज दिसत होतं आणि कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी सगळं बघितलं होतं. पोरगा पडताना, मी धावताना, मी थांबताना. खाटेवरून उठता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. तेरा दिवस लोक त्यांच्यासमोर बसून माझं कौतुक करत होते आणि ते ऐकत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"तेच," ते म्हणाले. त्या सुरात काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माफी नव्हती, कारण दोषही नव्हता. त्यांनी पुन्हा पाइप धरला. मी मगात पाणी घेतलं. थोड्या वेळानं रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला, बुडबुडे यायचे थांबले. मी टोपण लावलं.

रडू तेव्हाही आलं नाही. दुपारी भाकरी जरा जास्त खाल्ली, एवढंच.

रेघ जागच्या जागी राहिली. आठवडा, पंधरा दिवस, महिना. दिराला मी पहिल्या आठवड्यातच फोनवर सांगितलं की गाडी विकायची नाही, दुरुस्त झाली. त्यानं कोणी केली विचारलं. आप्पांनी, म्हटलं. तो म्हणाला, दिवाळीला येतो.

पौषात मढकडं पहाटे फार धुकं असतं आणि हीटरशिवाय काच साफ राहत नाही. म्हणून बेल्ह्याच्या म्हाताऱ्यानं भाग आल्याचं कळवलं तेव्हा गाडी दोन दिवस त्याच्याकडं ठेवली. ते दोन दिवस मी एसटीनं गेले, पुढं वाडीपर्यंत चालत. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी खालच्या एका वाडीतली म्हातारी बसली होती, मांडीवर नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन. तिनं मला ओळखलं नव्हतं. एसटी मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तिनं सहज विचारलं, "मालक काय करत्यात?"

असं कोणी विचारलं की मी शेती करतात म्हणायचे. इतके महिने तेच म्हणत आले होते.

"वारले," मी म्हटलं. "चैत्रात."

"कशानं?"

"पडले. मी होते तिथंच. नाही वाचवता आलं."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. पिशवी उचलून तिनं पायाशी ठेवली, उठली आणि मला खिडकीच्या जागेवर सरकायला सांगितलं. मी सरकले. बाहेर धुकं होतं, काहीच दिसत नव्हतं. गार काचेला मी डोकं टेकलं, आणि मढ येईपर्यंत तिनं मला उठवलं नाही.